बोललीस तर मिळेल

सोमवार, ४ मार्च

सव्वाअकराला कॅम्पवर पोहोचलो. गेटपासून आमच्या जागेपर्यंत सामानाच्या चार खेपा झाल्या, चारही मीच केल्या. ही गेटजवळच्या ओंडक्यावर बसून होती. जागा क्रमांक नऊ. तिन्ही बाजूंनी उंच झाडं, खाली ओढ्याचा आवाज, पाण्याची टाकी मोजून एकशे चाळीस पावलांवर. मला हवी होती तशीच.

तंबू एकट्याने उभा केला. पूर्वी ही दोऱ्या धरायची आणि मी खुंट्या ठोकायचो, वीस मिनिटांत काम उरकायचं. आज पाऊण तास गेला. हिने डाव्या हाताने एक दोरी उचलून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "नुसती धरू नकोस. 'दोरी' म्हण." ओठ हलले. "दो... दो... बा." मग नुसतीच हवा. मी दोरी घेतली नाही. सुरुवात पहिल्या मिनिटापासून व्हायला हवी.

हे सगळं कशासाठी, ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या लेकीने जाब विचारला तर उत्तर हाताशी राहील. हिला झटका येऊन सात महिने झाले. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालते, समजतं सगळं. फक्त शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावलाय, वेळ लागेल. बोलायला शिकवणारी एक मुलगी चित्रांचे पत्ते घेऊन घरी यायची. ही पत्त्यावर बोट ठेवायची आणि ती टाळ्या वाजवायची. मी तीस वर्षं बाजारातली वजनमापं तपासली. टाळ्या वाजवल्याने एखादा तराजू सुधारला असं कधी पाहिलं नाही. घरात हिने बोट दाखवलं की पाणी मिळतं, मान हलवली की जेवण. लेक तर डोळ्यांवरूनच ओळखते. मग ही बोलेल कशाला? नडलंय काय?

त्या मुलीला यायचं बंद करायला सांगितलं. लेकीने फोनवर थयथयाट केला. "बाबा, आई आजारी आहे, गुन्हेगार नाही." मी फोन ठेवला.

चाळीस दिवस. नियम एकच, आणि तो मी हिला समोर बसवून शांतपणे सांगितला: बोललीस तर मिळेल. तिने मान हलवली. मान हलवणं चालणार नाही, हेही सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च

काठी गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. काठीची एकदा सवय लागली की सुटत नाही. टाकीपर्यंत जाऊन येऊन छत्तीस मिनिटं. दोनदा पडली. लागलं नाही फारसं.

शब्द: शून्य.

गुरुवार, ७ मार्च

तीन दिवस हिच्या ताटात अळणी जेवण आहे. माझ्यात मीठ आहे, कारण मी "मीठ" म्हणू शकतो. डबी मध्ये ठेवलेली असते. आज तिने डबीकडे हात नेला, मी डबी सरकवली. तिने "मी" म्हटलं. मी थांबलो. "मी... मी... मी..." डोळे गच्च मिटून, मानेच्या शिरा ताणून. मला वाटलं आता येतोच शब्द. आला नाही. अर्ध्या शब्दाला अर्धं मीठ द्यावं का, असा विचार मनात आला होता. पण एकदा सूट दिली की संपलंच. बाजारात मी एका दुकानदाराला दहा ग्रॅमची सूट दिली असती, तर दुसऱ्या दिवशी सगळा बाजार दहा ग्रॅमने खोटा निघाला असता.

रडली. मलाही वाईट वाटलं. मला काय हौस आहे?

शनिवार, ९ मार्च

हा कॅम्प चालवणारी बाई पंचावन्नच्या आसपासची असेल. उभी राहिली की कंबरेवर हात. गेटजवळच्या लाकडी घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ राहतात. भाऊ सुतार आहे, तंबूंखालचे फळ्यांचे ओटे तो बांधतो. बाई आज आमच्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, ताईंना दिवसभर इथे बसवून काय करता? दुपारचे दोन तास माझ्याकडे धाडा. चादरींच्या घड्या घालायला मला कुणीतरी हवंच आहे."

मी विचार केला. घड्या घालणं म्हणजे हाताला व्यायाम. शिवाय मलाही दोन तास वाचायला मिळतील. हो म्हटलं, पण अट घातली: "तिने तोंडाने मागितल्याशिवाय तिला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा."

बाईने हिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

समजूतदार दिसते.

मंगळवार, १२ मार्च

कॅम्पवालीने टाकीवर मला अडवलं आणि हसत हसत विचारलं, "काय हो साहेब, लग्नानंतरच्या पहिल्या कॅम्पला म्हणे तुम्ही स्टोव्हच घरी विसरलात? तीन दिवस दोघांनी कच्ची गाजरं खाल्ली?"

मी ओशाळलो. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. म्हणजे लेक या बाईशी फोनवर बोलते, माझ्या पाठीमागे. इथपर्यंत हात पोहोचले तर लेकीचे! आणि आईचं कसं चाललंय हे विचारायचं सोडून बापाची फजिती सांगत बसते.

आणखी एक. तो सुतार हिला नावाने हाक मारतो. नावापुढे ताई लावतो, पण नाव घेतो. त्याला नाव कुणी सांगितलं? गेटवरच्या वहीत वाचलं असणार. मी स्वतः ते नाव किती दिवसांत उच्चारलं नसेल. मी "अगं" म्हणतो, ती "अहो" म्हणायची. त्यात भागत आलं.

शब्द: माझ्यासमोर शून्य. पण चालणं सुधारलंय. टाकी एकोणतीस मिनिटं.

शनिवार, १६ मार्च

ही दोन दिवस फार खुशीत आहे. घड्या घालून येते तेव्हा गाल लाल असतात. जेवताना मध्येच माझ्याकडे बघते, तोंड उघडते, आणि मिटते. मी म्हटलं, "काय ते बोल, नाहीतर जेव." मान खाली घालून हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा असं हसताना पाहिली. हसण्याजोगं काय घडलं ते कळलं नाही.

संध्याकाळी माझ्या डायरीतलं तारखांचं पान डाव्या हाताने उघडलं आणि वीस तारखेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "वीस. म्हण, वीस." तिने ओठ घट्ट दाबून धरले, लहान मुलं एखादं गुपित धरून ठेवतात तसे. मी पाच मिनिटं वाट बघून डायरी मिटली.

मला शंका येते की ही प्रयत्नच सोडत चालली आहे. त्या बाईकडे मजेत वेळ जातो, गरज वाटेनाशी होते. तेरा दिवस झाले. काहीतरी मोठं करायला हवं.

सोमवार, १८ मार्च

आज जे झालं ते कुणी काहीही म्हणो, मी जसं झालं तसं लिहितो.

वरच्या टेकाडावर एक सपाट खडक आहे. तिथून सगळी दरी दिसते. आमच्या तंबूपासून तीनशे दहा पावलं, चढाची. सकाळी हिला हाताला धरून वर नेलं. पन्नास मिनिटं लागली, पण गेली. वर पोहोचल्यावर खूश झाली, खालचा ओढा दाखवायला लागली. मी तिला खडकावर बसवलं आणि म्हटलं, "मी खाली वळणावर बसतो. उतरावंसं वाटलं की हाक मार. 'अहो' म्हण. सेहेचाळीस वर्षं म्हणत आलीस. दोन अक्षरं आहेत. हाक आली की मी त्याच पावली येईन. हाक नाही, तर मी नाही."

तिने माझी बाही धरली. एकेक बोट सोडवावं लागलं.

वळणावरून खडक दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. अकरा वाजता बसलो. बारा झाले. एकदा "ब" असं काहीतरी ऐकू आलं. पक्षीही असेल. एक वाजता धुकं उतरलं आणि गारठा पडला. मी शाल गुंडाळून बसलो. तिची शाल माझ्याजवळच होती, पिशवीत. दोन वाजता दगड घरंगळल्याचा आवाज आला, पाठोपाठ काहीतरी घासत गेल्यासारखं. मी उठून उभा राहिलो. खोटं कशाला लिहू, दोन पावलं पुढेही गेलो. पण आवाज म्हणजे हाक नव्हे. त्या क्षणी गेलो असतो तर सकाळपासूनचं सगळं पाण्यात गेलं असतं. परत बसलो.

तीनच्या सुमाराला तो सुतार वरच्या वाटेने फळ्या घेऊन येत होता. त्याने फळ्या तिथेच टाकल्या आणि हिला पाठीवर घेऊन खाली आला. ही बसल्या बसल्या घसरत पन्नासेक पावलं उतरली होती. डावा तळहात सोललेला. कपडे ओले. ते धुक्याने नव्हते, हे मला वासावरून कळलं. मलाच शरम वाटली.

मी म्हटलं, "अगं, एक हाक मारायची होतीस. एवढंच तर होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हललेसुद्धा नाहीत. रोज हलतात तेवढेही नाहीत.

सुतार जाताना माझ्या पायाजवळ थुंकला. तंबाखू खात असावा.

बुधवार, २० मार्च

ताप एकशे दोन. डोळे मिटून पडून आहे. आज मला एकाहत्तर पूर्ण झाली. कुणाच्या लक्षात नाही.

शुक्रवार, २२ मार्च

कॅम्पवाली सकाळी आली, तंबूत वाकून बघितलं आणि म्हणाली, "जमिनीला ओल आहे. ताईंना मी माझ्या घरात नेते."

मी म्हटलं, "चाळीस दिवसांचा कार्यक्रम आहे. मध्येच मोडता येणार नाही."

"तुम्ही चालवा की," ती म्हणाली. "तुम्हाला कोण अडवतंय?"

भाऊ मागे उभा होताच. दोघांनी तिला चादरीत घालून नेलं. वैद्यकीय कारण आहे म्हणून मी परवानगी दिली. हे चार दिवस कार्यक्रमात धरायचे नाहीत, पुढे वाढवून घ्यायचे.

दुपारी भेटायला गेलो. बाई दारातच म्हणाली, झोपल्यात. संध्याकाळी गेलो. झोपल्यात. खिडकीत दिवा होता आणि आत भांड्यांचा आवाज येत होता. एवढ्या आवाजात कुणाला झोप लागते?

मंगळवार, २६ मार्च

बोलली! बोलली, बोलली!

आधी हे लिहून ठेवतो. दुपारी न सांगता तिकडे गेलो. घरामागे दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. पलीकडे दोघी घड्या घालत होत्या. चादरींच्या अलीकडे मी उभा होतो, तेव्हा आवाज आला. जड, तुटक, थोडा घोगरा, पण तिचाच. "सहा... सात... आठ. ही... फाटलीय."

ही फाटलीय! दोन शब्दांचं आख्खं वाक्य, तेही कुणी न विचारता!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झटका आल्यावरही आलं नव्हतं. कुणी काही म्हणो, पद्धत बरोबर होती. खडकावर बीज पडलं, तापाने रुजलं, आणि आज वर आलं. डॉक्टरला कळवायचं आहे.

चादर बाजूला सारून मी पुढे झालो. "अगं! परत म्हण. काय म्हणालीस? 'अहो' म्हण बघू. म्हण, अहो."

तिच्या हातात अर्धी घडी होती. ती तिने शांतपणे पुरी केली, ढिगावर ठेवली, आणि आत निघून गेली. काठी टेकत. सुताराने नवी करून दिलेली दिसते.

मी कॅम्पवालीला म्हटलं, "लाजली."

ती म्हणाली, "साहेब, तुमची लेक उद्या येतेय."

बुधवार, २७ मार्च

लेक साडेदहाला आली. मला नमस्कार नाही, काही नाही, सरळ गेटजवळच्या घरात. तासाभराने बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो.

"बाबा, मी आईला घेऊन जातेय. माझ्याकडे. कायमची."

मी शांतपणे म्हटलं, "अजून सतरा दिवस आहेत, तापाचे चार वेगळेच. आत्ताच कुठे फळ दिसायला लागलंय. तुला ठाऊक आहे का, ती काल बोलली?"

"ती माझ्याशी आत्ता तासभर बोलली," लेक म्हणाली. "खडकाचं सांगितलं. मिठाचं सांगितलं. एकेका शब्दाला घाम फुटत होता तिला. तरी सगळं सांगितलं."

यावर माझा विश्वास बसेना. हा लेकीचा जुना खेळ. आईच्या डोळ्यांत वाचायचं आणि आईने सांगितलं म्हणून खपवायचं. तेव्हा मी म्हटलं, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझं नको. कॅम्पवालीचंही नको. तिने स्वतःच्या तोंडाने मला सांगावं. एक पुरं वाक्य. सांगितलं, तर मी आडवा येणार नाही."

मला खात्री होती.

ही दारात येऊन उभी राहिली. लेक हात द्यायला गेली, तो हिने बाजूला केला. काठी टेकत माझ्यापर्यंत आली, समोर उभी राहिली. इतक्या जवळून मी तिला पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते.

"मला," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "तुमच्या... बरोबर. नाही. राहायचं."

पाच शब्द. वाक्यरचना अचूक. "बरोबर"मधला शेवटचा र निसटला होता. मी रोजच्यासारखंच म्हटलं, "र नीट लागला नाही. परत म्हण."

"एकदाच," ती म्हणाली.

हा शब्द अगदी स्वच्छ आला. एकही अक्षर अडलं नाही.

मग दोघी गाडीत बसल्या. बोललीस तर मिळेल, हा माझाच नियम, त्यामुळे मी आडवा आलो नाही. गाडी वळली तेव्हा मी हात वर केला होता. लेक पुढे बघून चालवत होती. ही खिडकीतून सुताराकडे बघत होती. तो गेटचा अडसर उचलून धरून उभा होता.

गुरुवार, २८ मार्च

सकाळी तिचे बाकीचे कपडे कॅम्पवालीला द्यायला गेलो. लेकीला पाठवून द्या म्हणून. ती चुलीपाशी होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच विचारलं, "ही तुमच्याशी कधीपासून बोलत होती?"

"तिसऱ्या दिवसापासून. आधी आकडे. घड्या मोजताना मी 'एक' म्हणायचे, मग त्या 'दोन'. आकडे आपोआप येतात हो, त्यांना ढकलावं लागत नाही. मग एखादा शब्द. कधी अर्धाच. मी बाकीचा ओळखायचे. स्टोव्ह, घरी, गाजर. अशा आम्ही गप्पा मारायचो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही. 'अहो' शिकायचं होतं त्यांना. ते काही केल्या येईना. हो यायचा, अ अडायचा. चार-पाच दिवस रोज दुपारी तेच. शेवटी सोळा तारखेला आलं. आम्ही दोघी इथे नाचलो म्हणा ना. म्हणाल्या, वीस तारखेला. तुमचा वाढदिवस होता ना? तुम्ही उठलात की पहिली हाक मारायची, असं ठरलं होतं."

मी हिशेब केला. सोळा. अठरा.

"म्हणजे खडकावर तिला येत होतं?"

"येत होतं."

"मग मारली का नाही हाक? चार तास! एक हाक मारली असती तर मी धावत गेलो असतो. शाल माझ्याजवळच होती!"

तिने कपड्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली, दाराशी ठेवली, आणि परत चुलीकडे वळली.

तंबूत येऊन बराच विचार केला. म्हणजे ती चार तास गारठ्यात बसली, कपडे खराब केले, तळहात सोलून घेतला, आणि तोंडात शब्द तयार असताना गिळून टाकला. माझ्यासाठी तयार केलेला शब्द. इतका हट्ट? माझ्याशी? मी तिथेच होतो. वळणावर, ऐकू येईल इतक्या अंतरावर. विचार पुन्हा पुन्हा तिथेच येतो आणि पुढे सरकत नाही. जेवलो नाही.

शनिवार, ३० मार्च

लेकीला तीनदा फोन केला. उचलत नाही. चौथ्यांदा उचलला. मागे कुणीतरी बोलत होतं, सावकाश, थांबत थांबत, आणि मग हसलं. मी म्हटलं, "तिला दे." लेक म्हणाली, "ती नको म्हणतेय." मी म्हटलं, "तोंडाने म्हणतेय?" लेकीने फोन ठेवला.

रविवार, ३१ मार्च

घरी जाऊन काय करू? चाळीस दिवस पूर्ण करून जाईन.

शेजारच्या दहा नंबरच्या जागेवर आज एक जोडपं आलं. तो निवृत्त इंजिनचालक, ती शिवणकाम करते. दोघं भांडत भांडत तंबू लावत होते. "अहो, तिकडून ओढा!" "अगं, ओढतोच आहे, तू सोड आधी!" मी जाऊन एक दोरी धरली. चांगली माणसं आहेत. काम झाल्यावर तिने विचारलं, "एकटेच आलात?"

मी म्हटलं, "नाही. ही आहे ना. टाकीवर गेलीय."

का म्हणालो कुणास ठाऊक. तोंडातून गेलं.

"मग या की दोघंही," इंजिनचालक म्हणाला. "आमटीभात होतोय, पुरेल चौघांना." त्याने गाडीतून आणखी दोन खुर्च्या काढल्या, उघडल्या, जवळजवळ मांडल्या. एक सपाट बसेना म्हणून तिच्या पायाखाली दगड सरकवला. मी दुसरीवर बसलो.

त्याची बायको चारही ताटं घेऊन आली. तीन वाढली, चौथं झाकून ठेवलं, आणि टाकीच्या वाटेकडे बघत म्हणाली, "येतील ना इतक्यात? की थांबायचं त्यांच्यासाठी?"

मी म्हटलं, "थांबू या थोडं. तिला चालायला वेळ लागतो."